बुवाची पट्टी

फोनवर आमच्या नणंदबाईंना सगळे "दादा" म्हणायचे. "दादा, माझा सूट झाला का हो?" असं गिऱ्हाइकानं विचारलं की ही तिच्या भरदार, पुरुषी आवाजात "झालाय, घेऊन जा" म्हणायची आणि फोन ठेवून मला डोळा मारायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही. उलट दुकानात कुणी हुज्जत घालायला लागलं की तिचा सख्खा भाऊ, म्हणजे आमचा नवरा, हळूच मागे सरकायचा आणि तिला पुढे करायचा. तिनं नुसतं "काय झालं?" असं विचारलं तरी निम्मं भांडण मिटायचं. लहानपणापासून असाच आवाज, म्हणून घरात तिचं नाव पडलं बुवा. कागदोपत्री तिचं एक नाजूक, फुलाबिलाचं नाव आहे, पण ते बँकेत आणि दवाखान्यात वापरायला ठेवलंय.

तर ही बुवा एके काळी चिमणीसारख्या गोड आवाजाची गायिका म्हणून गाजली, असं सांगितलं की लोक म्हणतात, वहिनी, थापा मारायला काही लाज? लाज आहे हो, पण थाप नाहीये. मी तिच्याच बँडमध्ये बास वाजवत होते, अजून वाजवते, आणि जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं.

आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. पुढे काउंटर, मग पडदा, पडद्यामागे लांबट खोली. खोलीत वाफेच्या इस्त्रीचं भलंमोठं टेबल, छताखाली आडवी लोखंडी नळी, आणि नळीवर प्लास्टिकच्या पिशव्या घातलेले कोट. धुलाईच्या औषधाचा वास इतका मुरलेला की पाहुणे शिंकायचे आणि आम्हाला कळायचंही नाही. दुकानाला आठवड्यात एक सुट्टी असायची. त्या दिवशी दुपारी चौघं जमून आम्ही तिथे गाणी बसवायचो. बँडचं नाव "सुरकुत्या". इस्त्रीच्या टेबलापाशी जन्मलेल्या बँडचं दुसरं काय नाव ठेवणार?

चौघं म्हणजे असे: बुवा गाणी लिहायची आणि गायची. नवरा गिटार वाजवायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही गिटारच येत होती, पण घरात एक गिटारवाला आधीच होता, म्हणून माझ्या गळ्यात बास घातली. गिटारपेक्षा दोन तारा कमी, म्हणजे सुनेचा वाटा. बास हे असं वाद्य आहे की वाजतंय तोवर कुणाचं लक्ष नसतं आणि थांबलं की सगळे वळून बघतात, तेव्हा तेही सुनेला शोभणारंच. चौथा कवळी. हा समोरच्या गल्लीत दातांच्या कवळ्या बनवायचा, म्हणून कवळी. त्याचे स्वतःचे दात शाबूत आहेत, गैरसमज नको. ड्रम ठेवायला जागा नव्हती म्हणून तो हँगरच्या लाकडी दांड्या घेऊन इस्त्रीच्या टेबलावर बडवायचा आणि पायानं वाफेचा खटका दाबायचा. ठक, ठक, फस्स. आमच्या पहिल्या सगळ्या गाण्यांत ती फस्स आहे.

पहिलं गाणं "कोट". आमच्या नळीवर एक राखाडी कोट किती तरी दिवस लटकून होता, न्यायला कुणी येईना. बुवानं त्याच्यावर लिहिलं: "तुझा कोट इथेच आहे, तुटलं बटण लावलंय, थंडी पडायच्या आत ये, आणि घेऊन जा." मी चेष्टेनं विचारलं, "कुणाचा गं हा कोट?" ती म्हणाली, "गिऱ्हाइकाचा." मी म्हटलं, "गिऱ्हाइकासाठी कुणी इतकं जीव लावून लिहितं का?" तर लाजून इस्त्री करायला लागली, तीही सुट्टीच्या दिवशी. ते गाणं ती तिच्या खर्जातल्या आवाजात, सावकाश म्हणायची. ऐकताना वाटायचं, कुणीतरी अंगावर घोंगडी टाकतंय.

आता यात आमच्या नवऱ्याचं कर्तृत्व ऐका. गाणं रेकॉर्ड करायचं ठरलं. घरात एक जुना टेपरेकॉर्डर होता, त्याच्या आतला पट्टा तुटलेला. नवा आणायला बाजारात जायला नको म्हणून या उंटावरच्या शहाण्यानं दुकानात कपड्यांच्या गठ्ठ्यांना लावायचा रबर घेतला आणि दिला आत बसवून. चाक फिरायला लागलं. हा छाती फुगवून म्हणाला, "बघ, लोक उगाच दुरुस्तीला नेतात." त्या टेपरेकॉर्डरवर गाणं टेप केलं, त्याच्यावरच ऐकलं, उत्तम वाटलं. मग कॅसेट उचलून दिली रेडिओकडे पाठवून. आपण किती हुशार, याच आनंदात सगळे होतो.

एक दिवस संध्याकाळी रेडिओवर निवेदक म्हणाला, आता ऐका "सुरकुत्या" नावाच्या नव्या बँडचं गाणं. आम्ही सगळे काउंटरला चिकटलो. आणि रेडिओतून एक पोरगी चिवचिवायला लागली. गाणं पळत होतं. गिटार टणटणत होती, फस्सची फिस्स झाली होती, आणि ही कोण तरी चिमुरडी, जणू दोरीवरच्या उड्या मारत, "थंडी पडायच्या आत ये" म्हणत होती. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "ही कोण किंचाळतेय?"

झालं होतं असं की तो रबर ढिला पडून घसरत होता. त्यामुळे आमची टेप हळू फिरत होती. हळू टेप केलेलं हळूच ऐकलं तर फरक काय कळणार? पण रेडिओचं यंत्र धडधाकट, ते नेहमीच्या वेगानं फिरलं, आणि गाणं झालं जलद, आवाज चढला चांगला दोन-तीन सूर वर. बुवा आधी गोंधळली, मग हसत सुटली. हसून हसून काउंटरवर डोकं टेकलं तिनं. "दादा, तू माझी चिमणी केलीस रे!" म्हणाली. तिला वाटलं, गंमत झाली, संपली.

संपते कसली! लोकांना ते गाणं भयंकर आवडलं. रेडिओवर रोज लागायला लागलं. कॅसेट काढणाऱ्या कंपनीचा एक माणूस दुकानात आला. हा कंपनीवाला घरातसुद्धा काळा चष्मा डोक्यावर चढवून फिरायचा. त्यानं बुवालाच विचारलं, "ती गाणारी मुलगी कुठे आहे?" ती म्हणाली, "मीच." तो हसला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "ती गाणारी मुलगी कुठे आहे?" मग आम्ही रबराची कथा सांगितली. त्यानं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि म्हणाला, "याबद्दल बाहेर ब्र काढायचा नाही. लोकांना ती चिमणी हवीय."

आम्ही ऐकलं नाही. पहिला कार्यक्रम एका कॉलेजच्या सभागृहात होता, तिथे "कोट" आम्ही जसं बसवलं होतं तसंच वाजवलं, बुवाच्या पट्टीत. दोन ओळी झाल्या आणि पोरं ओरडायला लागली. "ही नाही, खरी आणा!" कुणीतरी कागदाचा बोळा मारला. कुणीतरी बुवाच्या आवाजाची नक्कल केली, पुरुषी घोगरी, आणि सगळं सभागृह खदखदून हसलं. ती गाणं पुरं करून उतरली, मध्येच थांबली नाही, हे मी मानते. पण घरी आली ती न जेवताच आडवी झाली. नवरा गिटारची पेटी मांडीवर घेऊन नुसता बसून होता.

दुसऱ्या दिवशी पडद्यामागून आवाज यायला लागला. बुवा इस्त्री करता करता चिमणीचा आवाज काढत होती. गळा आवळून, हनुवटी वर करून, नाकातून. नवऱ्यानं गिटारच्या दांडीवर कॅपो चढवला. कॅपो म्हणजे तारांवर बसवायचा चिमटा, त्यानं सगळे सूर एका फटक्यात वर जातात. मी माझ्या तारा पिळल्या. महिन्याभरात आम्ही हुबेहूब रेडिओसारखे वाजायला लागलो. म्हणजे मशीन बिघडलं म्हणून आम्ही स्वतःला बिघडवून घेतलं. असला शहाणपणा आमच्याच घरात सापडेल.

त्यानंतरची वर्षं मजेची होती, खोटं कशाला बोलू? गावोगाव कार्यक्रम, मागच्या सीटवर झोपलेला कवळी, स्टेजसमोर मुली बुवासारखे आखूड केस कापून यायच्या. दुसरी कॅसेट निघाली, तीही चिमणीच्याच आवाजात. पण बुवाचं बोलणं कमी होत चाललं. गळा राखायला म्हणून दुकानात पाटीवर लिहून दाखवायची. फोन मी घ्यायला लागले. तेलकट बंद, आंबट बंद, थंड बंद, आणि हसणंसुद्धा बेतानं. मी एकदा चिडून म्हटलं, "अगं, गायिका झालीस की आजारी झालीस?" तिनं पाटीवर लिहिलं: दोन्ही.

शेवटी एका सकाळी तिच्या तोंडून आवाजच फुटेना. मी तिला ओढत गळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर दाखवलं. गळ्यातल्या स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना तांदळाच्या कणीएवढ्या गाठी. काही दिवस संपूर्ण मौन पाळायला लावलं. मग परत बोलावून आधी बोलायला सांगितलं, नंतर गायला. बुवा चिमणीच्या आवाजात अर्धी ओळ गायली असेल-नसेल, डॉक्टरीणबाईंनी हात वर केला.

"बोलताना एक बाई आणि गाताना दुसरी," त्या म्हणाल्या. "दुसरीला घरी पाठवा. नाहीतर पहिलीही जाईल."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे गाणं राहू दे, साधं बोलणंही जाईल. कायमचं."

सोनारानं कान टोचले ते बरं झालं. परतताना बुवा मध्येच थांबली. मग त्या फाटक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, मला बोलताच आलं नाही तर गिऱ्हाइकाशी भांडणार कोण? दादा?" आम्ही दोघी रस्त्यात उभं राहून हसलो, आणि मग ती रडली. मीही रडले. लोक बघत होते, बघू देत.

आता करायचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. एकदम खरा आवाज लावला तर लोक पुन्हा बोळे मारणार, नाही लावला तर आवाजच जाणार. तोडगा काढला कवळीनं. इस्त्रीच्या टेबलावर पाय हलवत बसून तो म्हणाला, "आमच्याकडे माणूस नवी कवळी घालून घरी गेला की चेहरा बदलतो. घरचे बावरतात, हा कोण आला म्हणतात. म्हणून काय करायचं, बदल एकदम करायचा नाही. थोडा थोडा करायचा. आणि दर वेळी त्याला सांगायचं, नवा चष्मा घ्या. मग सगळे म्हणतात, चष्म्यानं चेहरा बदलला. दाताकडे कुणी बघतच नाही."

असे आम्ही बुवाला वरून खाली उतरवायला लागलो, एकेक पायरी. दर अल्बमला अर्धा सूर, फार तर एक सूर खाली. आणि प्रत्येक वेळी लोकांची नजर वळवायला एक नवा "चष्मा". पुढच्या अल्बमला अर्धा सूर उतरलो आणि लहान मुलांचा खेळण्यातला पियानो आणि घंट्या आणल्या. वर्तमानपत्रात आलं, "सुरकुत्यांचा बालपणाकडे परतीचा प्रवास." त्याच्या पुढच्या वेळी आणखी उतरलो. तेव्हाचा चष्मा म्हणजे ताल धरणारं यंत्र, नाचायला लावणारं. कवळी महिनाभर माझ्याशी बोलला नाही, जणू ते यंत्र मी जन्माला घातलं होतं. त्याची समजूत काढायला शेवटी त्यालाच यंत्राची बटणं दाबायला दिली. लेखात आलं, "शहरी बेचैनीची नवी स्पंदनं." कसली बेचैनी? घशाची!

मग माझी पाळी आली. बुवा इतकी खाली आली की गिटार पोकळ वाटायला लागली, म्हणून बास पुढे आणली. पहिल्यांदा माझं वाद्य लोकांना ऐकू आलं. एका समीक्षकानं लिहिलं की हा बँड आता अंधाराशी संवाद साधतोय. मी ते कात्रण नवऱ्याला वाचून दाखवलं आणि म्हटलं, "अंधार म्हणजे मी, नीट वाग." एक पोरगा तर आमच्या बदलत्या सुरांवर अभ्यास करायला दुकानात आला. बँडनं पॉपची चमक का नाकारली, असं त्यानं विचारलं. बुवानं त्याच्या शर्टावरचा शाईचा डाग बघितला आणि म्हणाली, "काढून ठेवा, धुऊन देते."

चिमटा खाली सरकत सरकत एक दिवस गिटारवरून उतरला. बुवा तिच्या पट्टीत गात होती, आणि कुणीही बोळा मारला नव्हता. पाटी धूळ खात पडली. फोन पुन्हा ती घ्यायला लागली. त्या दिवसांत ती पडद्यामागे काम करताना मोठ्यानं गायची, नळीवरचे कोट थरथरायचे, आणि मला घर भरल्यासारखं वाटायचं.

फक्त एक गाणं वरच अडकलं होतं. "कोट." सगळ्या कार्यक्रमांचा शेवट त्यानंच व्हायचा, लोक त्याशिवाय उठायचेच नाहीत, आणि ते रेडिओवरच्या पट्टीतच हवं असायचं. तिथे कुठलाही चष्मा चालेना, कारण त्याचा प्रत्येक श्वास लोकांना पाठ होता. त्या एका गाण्यासाठी ती गळा आवळायची आणि मग दोन-दोन दिवस आवाज बसलेला असायचा. व्हायचं तेच झालं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नळी घातली आणि म्हणाल्या, "एक कणी परत आलीय. ते गाणं आता नाही म्हणजे नाही."

आणि नेमकं तेव्हाच कंपनीवाल्यानं मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरवला, "कोट"च्या वर्धापनाचा. आम्ही त्याला गळ्याचं सांगितलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. "सोपं आहे. जुनी टेप लावू. ताई फक्त ओठ हलवतील. लोकांना मूळ आवाज मिळेल, ताईंचा गळा वाचेल."

मी म्हटलं, "आणि उद्यापासून ताईंच्या जागी पुतळा उभा करू. त्याला तर ओठही हलवावे लागणार नाहीत."

पण नवरा म्हणाला, "चालेल."

त्या दिवशी आमचं भांडण झालं ते झालं. मी त्याला भित्रा म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "तू त्या कॉलेजात तिच्या मागे उभी होतीस. मी तिच्या शेजारी होतो. मला तिचा चेहरा दिसत होता. मी बसवलेल्या रबरामुळे माझ्या बहिणीला लोक हसले. ते पुन्हा बघायला लावू नकोस मला."  राग तर गेला नाही, पण मी त्याच्यापुढे चहा ठेवला.

बुवा म्हणाली, "भांडू नका. हलवते ओठ."

तालमीला हॉल रिकामा होता. कवळीच्या पायाशी एक खटका बसवला होता. तो दाबला की टेप सुरू होणार, आम्ही तिच्यावर वाजवणार. त्यानं दाबला. प्रचंड मोठ्या स्पीकरमधून ती चिमणी गायला लागली आणि बुवा माइकपुढे ओठ हलवायला लागली. चुकली नाही कुठे. गाणं संपल्यावर माझ्याजवळ येऊन त्या स्पीकरकडे बघत म्हणाली, "वहिनी, ही आहे तरी कोण गं? मला एकदाही भेटली नाही. आणि जन्मभर हिच्याच हाताखाली राबले मी." ती हे हसत म्हणाली. मला ते हसू मुळीच आवडलं नाही.

कार्यक्रमाला हॉल गच्च भरला. आखूड केस कापणाऱ्या मुलींच्या आता बाया झाल्या होत्या, नवऱ्यांना घेऊन आल्या होत्या. कंपनीवाला पडद्याआड उभा होता, चष्मा डोक्यावर. सगळी गाणी रंगली. शेवटी लोक टाळ्यांच्या ठेक्यात "कोट, कोट" ओरडायला लागले. नवऱ्यानं कॅपो चढवला. कवळीनं पाय खटक्यावर नेला. आता बुवानं मान हलवली की तो दाबणार, असं ठरलं होतं.

बुवानं मान हलवली नाही. माइक जवळ घेतला आणि सरळ बोलायला लागली, फोनवर बोलायची त्या आवाजात. "हे गाणं तुम्ही इतकी वर्षं ज्या आवाजात ऐकलंत, तो माझा नाही. आमच्या टेपरेकॉर्डरचा रबर सैल होता. आज मी ते माझ्या आवाजात म्हणते. नाही आवडलं तर ओरडा, पण मी पुरं करणार."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. कंपनीवाला कवळीला हातवारे करत होता, दाब, दाब. कवळीनं त्याच्याकडे बघत पाय उचलला आणि मांडी घालून बसला. ड्रम वाजवणारा माणूस मांडी घालतो म्हणजे काय, ते समजून घ्या. मी माझ्या तारा उतरवायला लागले. घाईत किल्ली धड फिरेना, पण पहिल्या सुट्टीच्या दुपारी वाजवली होती तीच पट्टी लावली आणि तोच ठेका धरला, सावकाश. राहिला नवरा. तो बुवाकडे बघत होता. चेहरा असा की आता गिटार टाकून पळतो की काय. बुवा त्याला म्हणाली, "दादा, काढ तो चिमटा." आणि त्यानं काढला.

तिनं सुरुवात केली. "तुझा कोट इथेच आहे..." टाळ्या नाहीत, शिट्टी नाही. पहिलं कडवं अख्खं त्या शांततेत गेलं. मागून कुणीतरी "अरे हे काय!" म्हणून ओरडलं. माझ्या समोरच्या रांगेतली एक बाई नवऱ्याकडे बघून भुवया उडवत होती. दोघं-चौघं उठून चालायला लागले. मी मनात म्हटलं, झालं, तेच कॉलेज, तेच सभागृह. नवरा डोळे मिटून वाजवत होता. बुवा मात्र गात होती, घाई न करता, आणि तिचा आवाज जरासुद्धा कापत नव्हता.

मग धृपद आलं. "थंडी पडायच्या आत ये..." आणि खालून एक घरघर ऐकू आली. मला वाटलं स्पीकर बिघडला. पण ती घरघर शब्द म्हणत होती. भुवया उडवणाऱ्या बाईचा नवरा गात होता. त्याच्या मागचा टकलू गात होता. निघालेला एक जण पायऱ्यांवर उभा राहून गात होता. माझ्या टाळक्यात तेव्हा प्रकाश पडला. आमचं हे एवढं गाजलेलं गाणं आजपर्यंत पुरुषांना कधी म्हणताच आलं नव्हतं. वर गावं तर गळा फाटायचा, खाली गावं तर सूर पोटात जायचा. बायका गायच्या, हे बिचारे शेजारी बसून टाळ्या वाजवायचे. गाणं सगळ्यांना पाठ, आणि आज पहिल्यांदा ते त्यांच्या गळ्यात बसत होतं. बघता बघता सगळा हॉल घुमायला लागला. भसाडे, बेसूर, कसेही, पण शेकडो आवाज. पुढे बायकाही त्यांच्यात मिसळल्या. "ये, आणि घेऊन जा!" असं ओरडून म्हणत होते, जणू प्रत्येकाचा कुठे ना कुठे एक कोट राहिला होता.

नवऱ्यानं डोळे उघडले आणि सूर चुकला. चुकू दे. त्याच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, पुसायला हात मोकळा नव्हता. कवळी दांड्या टाकून हातानं ड्रम बडवत होता.

बुवा गायची थांबली होती. पुढचं कडवं तिनं उचललंच नाही. माइक खाली धरून, मान थोडी तिरकी करून ती समोर ऐकत होती, गिऱ्हाइकाचं म्हणणं ऐकून घ्यावं तशी. मग मागे वळून माझ्याजवळ आली आणि एवढ्या गोंगाटात मला ऐकू जावं म्हणून कानाशी तोंड आणून म्हणाली,

"वहिनी, ऐकतेयस ना? सगळे माझ्या पट्टीत आहेत."

 मी नुसती मान हलवली आणि वाजवत राहिले, आणि ती माझ्या खांद्यावर हात ठेवून तिथेच उभी राहिली, गाणं संपेपर्यंत.